आगटीभोवतीचं बजेट

सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा उठला, होम मैदानावरचे पाळणे उतरवले गेले, की सोलापुरात दोन गोष्टी एकदम पिकायला लागतात. शेतात ज्वारीचं कणीस आणि गावात अर्थशास्त्र. एरवी ज्याला स्वतःच्या दुकानाचं गणित दुसऱ्याकडून करून घ्यावं लागतं, तो माणूसही या दिवसांत टपरीवर चहाचा कप हातात धरून देशाला सल्ले देतो. सकाळी शाल लागते, दुपारी पंखा लागतो, आणि या दोन्हींच्या मधल्या वेळात कुणीतरी कुणाला तरी सांगत असतं, "बघा तुम्ही, यंदा काहीतरी देणारच."

यंदा ही हवा आली तेव्हा मी कारखान्यात टॉवेलच्या घड्या मोजून घेत होते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. लूम, म्हणजे यंत्रमाग, नवरा बघतो. विणून आलेल्या टॉवेलच्या कडा शिवणं, घडी, बांधणी हा भाग माझा आणि माझ्या हाताखालच्या बायकांचा. नरसम्मा ही त्यांतली सगळ्यांत जुनी. तिनं मशीन थांबवून विचारलं, "अक्का, यंदा बजेट रविवारी हाय म्हणं. मग सरकारला सुट्टी न्हाय का?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मग हुरड्याला कदी जायाचं तुमच्या घरच्यांनी?" आणि मशीनच्या आवाजात सगळ्याजणी हसल्या. आमच्या घरची गोष्ट कारखान्यात पोचलेली होती. पोचणारच. लूमच्या आवाजात मोठ्यानं बोलायची सवय लागलेल्या माणसांच्या घरात गुपितं राहत नाहीत.

माझ्या लहानपणी बजेट फेब्रुवारीच्या शेवटी यायचं, संध्याकाळी, रेडिओवरून. ऊन तापायला लागलेलं असायचं, परीक्षा तोंडावर आलेली असायची. आई आधीच काडेपेट्या आणि साबण आणून ठेवायची, कारण दुकानदार बजेटच्या आधी माल आत ओढतात यावर तिचा पक्का विश्वास होता. वडील रेडिओला कान लावून बसायचे. भाषण संपलं की शेजारचे दारातून विचारायचे, "काय महाग झालं?" प्रश्न तेवढाच. कुणाचं बजेट, कोणत्या पक्षाचं, हे कुणी विचारलेलं मला आठवत नाही. सरकार म्हणजे पावसासारखं काहीतरी होतं. येईल ते घ्यायचं आणि छत्री आपली आपण शोधायची. माझा मोठा भाऊ, अण्णा, पुस्तकातून डोकं वर काढून म्हणायचा, "काय महाग झालं ते विचारता, मग खर्च कशावर करणार ते का नाही विचारत?" वडील म्हणायचे, "तू आधी पास हो."

अण्णा पास झाला, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाला आणि तो प्रश्न आयुष्यभर विचारत राहिला. शहराजवळच्या कुंभारी गावातली आमची थोडी जमीन त्यानंच सांभाळली. रब्बीला ज्वारी आणि बांधाला हरभरा. माझं लग्न झालं त्या वर्षी त्यानं जावयाला हुरड्याला बोलावलं. माझ्या नवऱ्याचं नाव शिवानंद. शहरातला कारखानदाराचा मुलगा, इस्त्रीचा शर्ट घालून आला. अण्णाला वाटलं, हा पाहुण्यासारखा घोंगडीवर बसेल. पण हा सरळ आगटीशी उकिडवा बसला, गोवऱ्यांची राख काडीनं बाजूला केली आणि कणसं कुठं खुपसायची ते स्वतः ठरवायला लागला. त्याला विस्तव कळतो. कणीस कधी बाहेर ओढायचं हे त्याला न बघता समजतं. आणि अण्णाच्या तळव्यांना चटका लागत नाही. गरम कणीस हातात घेऊन तो असं चोळतो की दाणे खाली आणि कोंडा वाऱ्यावर. एक भाजणार, एक चोळणार. पहिल्याच दिवशी जोडी जमली ती जमलीच.

आणि पहिल्याच दिवशी भांडणही झालं.

"कर कमी करा," शिवानंद म्हणाला. "माणसाच्या हातात पैसा राहू द्या. तो दोन लूम वाढवतो, चार माणसांना काम देतो."

"काम देतो, मान्य," अण्णा चोळता चोळता म्हणाला. "त्या चार माणसांच्या पोरांना शाळा कोण देतो? तुम्ही?"

"शाळेत तुम्ही काय शिकवता ते बघितलंय की मी. तुमची बहीण माझ्याच घरात आहे."

वहिनी इतकी हसली की दह्याचं भांडं तिच्या हातातून निसटता निसटता राहिलं. मी हसले नाही. मी त्या वेळी नवी नवरी होते आणि कुणाच्या बाजूनं हसायचं ते माझं ठरलेलं नव्हतं.

पुढं हा दरवर्षीचा रिवाज झाला. हिरवट, गोड, जिभेवर चिकटणारा हुरडा, शेंगाची लाल चटणी, बोटाला लागलेली राख आणि देशाची तूट. एक गोष्ट मात्र मी तेव्हापासून टिपून ठेवली आहे. दिल्लीतलं सरकार बदललं की या दोघांची वाक्यं बदलायची. अण्णाच्या पक्षाचं सरकार असताना शिवानंद ओरडायचा, "एवढं कर्ज काढून खर्च? उद्या फेडणार कोण?" आणि अण्णा शांतपणे म्हणायचा, "देश असाच उभा राहतो." मग सरकार बदललं. आता अण्णा ओरडायला लागला, "कर्ज! एवढं कर्ज!" आणि शिवानंद म्हणायला लागला, "रस्ते दिसत नाहीत का? देश असाच उभा राहतो." शब्दन् शब्द तोच, फक्त तोंड दुसरं. मी एकदा तसं बोलून दाखवलं. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी कणसावर पाणी ओतलं.

पुढं बजेटची तारीखच सरकली. फेब्रुवारीच्या शेवटाऐवजी पहिल्या दिवशी यायला लागलं. लोकांना यात काय फरक पडला माहीत नाही, आमच्या घरात फार पडला. पूर्वी हुरडा आधी आणि बजेट नंतर, त्यामुळे आगटीभोवती नुसते अंदाज असायचे. आता दोन्ही एकमेकांच्या अंगावर आले. त्यातल्या एका वर्षी या दोघा शहाण्यांनी ठरवलं की हुरडा बजेट झाल्यावरच करायचा, म्हणजे सगळी माहिती हातात घेऊन नीट भांडता येईल. वहिनी सांगत होती, "अवो, ज्वारी थांबत न्हाय. दाना भरायलाय." अण्णा म्हणाला, "आठवडाभरानं काय होतंय?" काय होतंय ते आम्ही गेलो तेव्हा कळलं. कणसं टणक झाली होती. भाजली तर दाणे नुसते तडतडले. त्या दिवशी आम्ही अर्धवट ज्वारीच चावत बसलो. जबडे इतके दुखले की वाद पुढं सरकेना. देशाचे सगळे आकडे दोघांना पाठ होते, आणि समोर उभं असलेलं पीक कधी काढायचं ते चुकलं. एवढी माहितीची हौस असणाऱ्या माणसांनाच अशी चूक जमते.

लोक म्हणतात, बजेट म्हणजे शेवटी घरखर्चच, फक्त मोठा. मला ते कधी पटलं नाही. मी घर चालवलं आहे आणि कारखान्याचा एक भाग चालवते आहे. घरात कात्री लावायची ठरवणारी बाईच आधी स्वतःची साडी पुढं ढकलते. दिल्लीत कात्री लावणारा एक असतो आणि साडी दुसऱ्याच कुणाची तरी पुढं ढकलली जाते. फरक आकाराचा नाही, फरक याचा आहे. म्हणून त्यावर भांडण झालं पाहिजे असं माझं स्वच्छ मत आहे. ज्या घरात पैशावर कधीच भांडण होत नाही, तिथं एकटाच कुणीतरी सगळं ठरवत असतो.

पण भांडण वेगळं आणि गेल्या वर्षी झालं ते वेगळं.

गेल्या वर्षी बजेट शनिवारी झालं. प्राप्तिकरातली सवलत वाढली. रविवारी शिवानंद कुंभारीला पोचला तो पेढ्यांचा बॉक्स घेऊनच. अण्णाला ते पेढे झोंबले. "पेढे तुम्हाला लखलाभ. कर भरण्याइतकं ज्याला मिळतच नाही, त्याला या सवलतीत काय मिळालं? तुमच्या लूमवरच्या माणसाला विचारा."

इथवर नेहमीचंच होतं. पण मग शिवानंद म्हणाला, "तुम्हाला काय कळणार अण्णा? तुम्ही आयुष्यभर आमच्याच करावर जगलात. पगार आमचा, पेन्शनही आमचीच."

अण्णाचे हात थांबले. मी इतक्या वर्षांत ते हात भांडताना थांबलेले बघितले नव्हते. तो म्हणाला, "आणि तुमचे नवे लूम कुणाच्या करावर आले? सरकारी अनुदानाच्या रांगेत सगळ्यांत पुढं उभे होता. फुकटे कोण, ते एकदा आरशात बघा."

तो उठला, हौदावर जाऊन हात धुतले आणि आत गेला. आगटीत कणसं तशीच राहिली. आम्ही दुपारच्या आत परत आलो. गाडीत मी एवढंच म्हटलं, की दोघांनी एकमेकांना जे म्हटलं ते थोडंथोडं खरं आहे आणि म्हणूनच दोघांना लागलं आहे. सरकारी पैसा या देशात कुणाच्या ताटात नाही? माझं शिक्षणही त्याच पैशातलं. शिवानंद म्हणाला, "तू भावाची बाजू घे." मी कुणाचीच बाजू घेतली नव्हती, पण त्या दिवशी ते ऐकायला कुणी मोकळं नव्हतं.

मग वर्ष गेलं. नागपंचमीला मी एकटी गेले, दिवाळीत भाऊबीजेला एकटी गेले. अण्णा विचारायचा, "पाणी घेतेस का?" शिवानंद विचारायचा, "जेवलीस का तिथं?" एकमेकांची चौकशी दोघांपैकी कुणीच करायचा नाही. मला रडारड जमत नाही, आणि वेळही नसतो. पण मला एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. एक हुरडा चुकला तर त्याला राग म्हणता येतं. लागोपाठ दुसरा चुकला की पुढं कुणी बोलवत नाही आणि कुणी वाटही बघत नाही. माहेरी एकटीनं जायचं, सासरी एकटीनं परतायचं, आणि ज्या दोन माणसांमध्ये मी उभी आहे त्यांनी एकमेकांना फक्त माझ्या तोंडून ओळखायचं. हे मला मंजूर नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी मी अण्णाला फोन केला. "यंदा कणसं कशी आहेत?"

"झकास आहेत. ये की. तू ये."

'तू'वर त्यानं जो जोर दिला तो मला नीट ऐकू आला. रात्री जेवताना शिवानंदला सांगितलं. तो म्हणाला, "मला बोलावलंय का?"

"नाही."

"मग मी कशाला येऊ? आमच्यात जावयाला शेतमालकानं स्वतः बोलवावं लागतं."

दोघांचं अडलं होतं ते असं. एकाला आमंत्रण हवं होतं, दुसऱ्याला माफी हवी होती, आणि ज्वारी काही थांबणार नव्हती. मी विनवण्या केल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाहीर केलं की रविवारी माझ्या विभागातल्या सगळ्या बायकांना कुंभारीला हुरडा. अण्णाला कळवलं की माणसं बरीच येतील, गोवऱ्या जास्त काढून ठेव. मग शिवानंदला सांगितलं, "रविवारी कारखान्याचा टेम्पो लागेल. ड्रायव्हर गावाला गेलाय. बायकांना नेऊन आणायचं काम तुमचं."

तो म्हणाला, "ही तुझी युक्ती आहे."

"आहे. सकाळी लवकर निघायचंय."

रविवारी टेम्पो भरून निघालो. बायका बहुतेक तेलुगू विणकर घरांतल्या, त्यांनी रस्ताभर तेलुगू गाणी म्हटली. कुंभारीला पोचल्यावर शिवानंदनं टेम्पो बांधापासून लांब, बाभळीखाली लावला आणि जाहीर केलं, "मी गाडीपाशी थांबतो." अण्णानं लांबूनच बघितलं आणि मान वळवली. दोघांचं वय मिळून शंभराच्या वर आहे, आणि वागणं बालवाडीतलं.

अण्णानं आगटी स्वतः लावली होती. भाजणंही तोच करायला बसला आणि चोळणंही. इतक्या बायका भोवती बसलेल्या, प्रत्येकीचा हात पुढं. तो एक कणीस चोळेपर्यंत दुसरं काळं पडायचं. ते काढेपर्यंत तिसरं कच्चंच बाहेर यायचं. नरसम्मानं एक दाणा तोंडात टाकला आणि म्हणाली, "गुरुजी, ह्ये हुरडा हाय का कोळसा?" सगळ्या फिस्सकन हसल्या. कुणीतरी मोबाइलवर बजेटचं भाषण लावलं होतं. रेंज येत-जात होती, त्यामुळे अर्थमंत्री मधेच बोलायच्या आणि मधेच गप्प व्हायच्या. मी काहीच केलं नाही. गूळ फोडत बसले.

शेवटी वहिनीलाच राहवलं नाही. ती अक्कलकोटकडची, घाई झाली की तोंडात कानडी येतं. पदर खोचून ती बांधावर गेली आणि ओरडली, "दाजी, बर्री, बर्री! या की लवकर! समदी कणसं जळायलेत हितं! तुमी काय तितं बाभळ राखायलाव का?"

शिवानंद हलला. आधी दोन पावलं, मग चार. त्याला कुणाचाही राग सहन होतो, पण जळकं कणीस सहन होत नाही. तो आगटीशी आला, उभ्यानंच आत डोकावला आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "ह्या असल्या गोवऱ्या कुणी रचल्या?"

अण्णा खाली मान घालून म्हणाला, "सरकारनं."

"तरीच."

बायकांना कळलं नाही, पण वहिनी तोंडावर पदर घेऊन वळली. शिवानंद उकिडवा बसला. गोवऱ्या पसरल्या, राख मोकळी केली, कणसं पुन्हा खुपसली. पहिलं कणीस त्यानं बाहेर काढलं आणि न बघता उजवीकडे धरलं. अण्णाचा हात तिथं होताच. मग दोघांचे हात चालू झाले. भाजणं, ओढणं, देणं, चोळणं. बायकांच्या पुढ्यात हिरवे दाणे पडायला लागले. चटणी संपली, वहिनीनं आणखी आणली. नरसम्मा म्हणाली, "आता कसं! ह्याला म्हनायचं हुरडा."

मग विस्तवाकडे बघतच शिवानंद म्हणाला, "पेन्शन तुमच्या कष्टाचीच आहे, अण्णा. ते मी चुकीचं बोललो." आणि श्वासही न घेता पुढं म्हणाला, "पण तूट अशीच राहिली तर पुढच्या पोरांना कोण देणार, ते सांगा."

अण्णानं फुंकर मारून कोंडा उडवला. "मीही बोललो ते बरं नव्हतं. अनुदान कारखान्यासाठीच असतंय, तुम्ही लूमच घेतले, बंगला नाही बांधला." मग हात झटकला. "आणि तुटीचं तुम्ही मला सांगू नका. एका बाजूला मोठ्यांना सवलती द्यायच्या आणि तूट झाली की खर्च कापायचा शाळेचा. कणीस काढा आधी, जळायलंय."

"जळत नाही. मला कळतं."

"कळतं म्हणूनच गेल्या वर्षी पेढे आणले होते काय?"

"या वर्षी आणले नाहीत ना!"

"म्हणजे या वर्षी तुमच्याच सरकारनं तुम्हालाही काही दिलं नाही."

"रस्ता दिला. ज्या रस्त्यानं आम्ही आलो तो कुणी केला?"

"माझ्या करानं केला! पेन्शनवरही कर जातो, माहीत आहे का?"

नरसम्मा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अक्का, ह्ये परत भांडायलेत का बोलायलेत?"

"बोलायलेत," मी म्हटलं.

ऊन कलायला लागलं तशी बायकांची चुळबुळ सुरू झाली. शहरात आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि त्या संध्याकाळी त्यांच्या भागाची पाळी होती. पाणी सुटायच्या आत घरी पोचलं नाही तर पुढचे दिवस कोरडे. एकजण चप्पल घालत म्हणाली, "एवढं बोलायलेत दोघं. आमच्या नळाचं काय हाय म्हनं त्या बजेटात?" मी म्हटलं, "ते पुढच्या हुरड्याला विचारू." पाण्याची पाळी चुकवून ऐकावं असं त्या भाषणात काही नव्हतं, आणि या दोघांच्या भाषणात तर नव्हतंच.

मी आगटीजवळ गेले. "अहो, निघायचं. बायकांना पाणी भरायचंय."

"हो, हो, निघू. एक मिनिट. अण्णा, तुम्ही कर्ज आणि गुंतवणूक यात घोळ करताय."

"घोळ मी करतोय? हे बघा," आणि अण्णानं काडीनं राखेत एक गोल काढला. "हा देश समजा."

देशाचा गोल निघाला म्हणजे आता काय होणार ते मला कळलं. आधी त्यात शेती येणार, मग कारखाने, मग परदेश. मी शिवानंदच्या शर्टाच्या खिशातून टेम्पोची किल्ली काढून घेतली. त्याला ते कळलंही नाही. तो दुसरी काडी शोधत होता, कारण त्याला अण्णाच्या देशाच्या सीमाच मान्य नव्हत्या.

टेम्पो मला चालवता येतो. कारखान्यात माल वेळेवर पोचवायचा तर ड्रायव्हरच्या रजेवर अवलंबून राहता येत नाही. बायका मागं चढल्या, नरसम्मा पुढं माझ्या शेजारी बसली. मी टेम्पो सुरू केला तेव्हा तिनं मागं वळून बघितलं.

"अक्का, साहेब?"

"राहू दे त्यांना."

"मग परत कसं येतील?"

"अण्णा सोडील."

"आनि मग अंधारात गुरुजी परत कसं जातील?"

"मग हे सोडायला जातील," मी म्हटलं आणि गिअर टाकला. "आज तरी ते दोघांनी मिळून बघावं. आपण पाणी भरू."